ड्रिफ्टवूडवर उड्या मारणारे बारीक किडे, काय करू?

नमस्कार मंडळी,

माशांच्या टँकमध्ये नवीन ड्रिफ्टवूड (सजावटीचं लाकूड) ठेवलंय. त्याचं एक टोक मुद्दाम पाण्याबाहेर ठेवलंय, कारण त्यावर मॉस चढवायचा आहे. आता त्या ओलसर टोकावर राखाडी-पांढरे किडे दिसायला लागलेत, जेमतेम एक-दीड मिलिमीटरचे. बोट जवळ नेलं की टुणकन उडतात. पाण्यावर पडले तरी बुडत नाहीत, वरच्यावर चालत राहतात. झाकणाच्या आतल्या बाजूलाही काही असतात. पाण्याखालच्या लाकडावर कापसासारखा बुळबुळीत थर आलाय, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही कळत नाही.

टँकमध्ये निऑन टेट्रा मासे आणि चेरी श्रिम्प (छोटी कोळंबी) आहेत, म्हणून औषध मारायची हिंमत होत नाही. लाकूड उकळायचं तर एवढं मोठं पातेलं नाही, शिवाय त्यावर अनुबियस या पाणवनस्पतीने मुळं धरली आहेत. माशांना काही होईल का? आणि घरच्यांना वाटतंय की ही वाळवी आहे, आता फर्निचरला लागणार. त्यात वरच्या टोकाला टाचणीएवढं एक भोक आहे, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली आहे. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १
पंख आहेत का? उडतात म्हणजे माशीसारखे की नुसती उडी? फोटो टाकता आला तर बरं.

मूळ लेखक
पंख अजिबात नाहीत, नुसती उडी. फोटो काढायला गेलं की जागेवर नसतात!

प्रतिसाद २
मग हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला एक दुभंगलेला अवयव असतो, तो झटक्यात सोडला की किडा उसळतो. अंगावर पाणी ठरत नाही, म्हणून बुडत नाहीत. खातात ते बुरशी आणि कुजका पाला. चांगलं लाकूड ते पोखरत नाहीत, चावत नाहीत, माशांना काही करत नाहीत. उलट टेट्रा त्यांना आवडीने खातील. वाळवी अशी उडी मारत नाही, घरच्यांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

कापसासारखा थर म्हणजे लाकडातून सुटणाऱ्या पोषक द्रव्यांवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी. नवीन लाकडावर हा बहुतेक येतोच आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. श्रिम्प त्यावर चरताना दिसतील. फारच खुपत असेल तर पाणी बदलताना जुन्या टूथब्रशने घासून सायफनने ओढून घ्या. पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी घाबरू नका, ते टॅनिन, म्हणजे लाकडातून सुटणारं रंगद्रव्य.

किडे कमी करायचे तर त्यांचं खाणं आणि ओल कमी करा. झाकण थोडं उघडं ठेवा म्हणजे आत वाफ धरणार नाही (टेट्रा उडी मारतील एवढी फट मात्र नको). खाद्य कमी टाका. पाण्यावरचे किडे जाळीने किंवा टिशू पेपरने टिपून घ्या. वरचं टोक काही दिवस पूर्ण पाण्याखाली गेलं तर त्यांचा आधारच जातो. सगळे संपवायच्या मागे लागू नका, तसे ते संपतही नाहीत.

प्रतिसाद ३
वरच्यांशी सहमत. फक्त एक भर: त्या खोलीत कीटकनाशक स्प्रे मारू नका. परमेथ्रिनसारखी औषधं अगदी थोड्या प्रमाणातही मासे आणि श्रिम्पसाठी घातक असतात. आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, त्यामुळे टँक झाकून उपयोग नाही. कधी मारावाच लागला तर पंपसुद्धा बंद करावा लागतो.

भोकाबद्दल कोणीच बोललं नाही. ते पुसून घ्या आणि लक्ष ठेवा. खाली पिठासारखी ताजी भुकटी पुन्हापुन्हा पडत असेल तर आत लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी जिवंत आहे. तो भाग पाण्यात बुडवून ठेवलात तर ती मरेल. भुकटी पडत नसेल तर भोक जुनं.

मूळ लेखक
धन्यवाद! भोक पुसून खाली पांढरा कागद चिकटवून ठेवलाय, अजून तरी भुकटी नाही. तरी लाकूड आडवं करून सगळंच बुडवतोय, मॉस नंतर बघू. आणि टेट्रांनी पाण्यावरचे बरेच किडे फस्त केलेत, आज त्यांना खाद्य टाकलंच नाही.