कॅसेटच्या पारदर्शक डब्यांवरील लेबलांचा चिकटा कसा काढावा?

प्रश्न : सांगलीकर

वडिलांनी १९८०च्या दशकात जमवलेल्या नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या कॅसेट नुकत्याच माळ्यावरून खाली काढल्या. त्यांपैकी बऱ्याच कॅसेट गावातली एक कॅसेट लायब्ररी बंद झाली तेव्हा विकत घेतलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक डबीवर क्रमांकाचा कागद, त्यावर सेलोटेप आणि शेजारी किमतीचे लहान स्टिकर असा थर साचलेला आहे. कागद नखाने सोलून निघतो, परंतु खाली तपकिरी, चिकट पट्टा राहतो, त्यावर धूळ बसते आणि आतले छापील कव्हर नीट दिसत नाही. डबीचे प्लास्टिक काचेसारखे पारदर्शक आहे आणि जरा जोर लावला तर कोपरा तडकतो. घरात रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि खोबरेल तेल आहे. यांपैकी काय वापरावे आणि काय टाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : रसायनप्रेमी

आपण विचारून घेतलेत हे फार चांगले झाले, कारण आपण दिलेल्या यादीतील पहिल्या तीन वस्तूंपैकी एकही या डब्यांना लावू नये. कॅसेटच्या आणि सीडीच्या कडक, पारदर्शक डब्या साधारणपणे पॉलिस्टायरिनच्या असतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते आणि थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्ये असतात; ती दोन्ही पॉलिस्टायरिन विरघळवतात. कापूस फिरवला की चिकट्याबरोबर पृष्ठभागही मऊ होतो, त्यावर कापसाचे तंतू रुततात आणि पांढरट डाग पडतो, जो पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही. रॉकेल इतक्या झपाट्याने काम करत नसले, तरी त्यामुळे बारीक भेगांचे जाळे उमटू शकते. चिकटा घालवण्यासाठी संत्र्याच्या सालीच्या अर्काची द्रावणे मिळतात, तीही येथे नकोत. त्यांतील लिमोनिन पॉलिस्टायरिनला तितकेच घातक आहे.

प्लास्टिक कोणते आहे याची खात्री करायची असेल, तर तुटलेल्या डबीचा एखादा तुकडा साबण घातलेल्या पाण्यात बुडवून पाहावा. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९ असल्यामुळे ते तरंगते, तर पॉलिस्टायरिनची सुमारे १.०५ असल्यामुळे ते तळाशी जाते. टेबलावर आपटल्यावर टणटण असा जवळजवळ धातूसारखा आवाज येणे, हीदेखील पॉलिस्टायरिनची ओळख आहे. काही डब्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडाही असतो : ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरिन.

प्रतिसाद २ : ग्रंथपाल

मी आयुष्यभर लेबले लावण्याचे आणि काढण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या डबीवर एक नव्हे, दोन किंवा तीन प्रकारचे गोंद असण्याची शक्यता आहे आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. जुन्या लायब्रऱ्यांत क्रमांकाचा कागद पुष्कळदा डिंकाने किंवा खळीने चिकटवलेला असे, आणि तो गोंद साध्या कोमट पाण्याने सुटतो. सेलोटेपचा आणि किमतीच्या स्टिकरचा गोंद मात्र पाण्याला दाद देत नाही. यासाठी आधी एका कोपऱ्यावर पाण्याचे बोट फिरवून पाहावे : थर बुळबुळीत झाला तर तो पाण्याचा गोंद समजावा, आणि बोटाखाली त्याच्या वळ्या होऊ लागल्या तर तो रबरी जातीचा समजावा.

काम सुरू करण्यापूर्वी कॅसेट आणि छापील कव्हर दोन्ही बाहेर काढून दूर ठेवावीत. डबीची दोन झाकणे वेगळी करता आली तर उत्तम, पण बिजागरीचे ठिपक्याएवढे खुंट फार नाजूक असतात. झाकणाचा कान एका बाजूने किंचित बाहेर ताणून एकेक खुंट सोडवावा, दोन्ही एकदम ओढू नयेत. त्यानंतर भांडी घासायच्या द्रवाचे थोडे थेंब घातलेल्या कोमट पाण्यात डबी भिजत ठेवावी. पाणी हाताला सहज सोसवेल इतकेच कोमट असावे, उकळते पाणी ओतल्यास डबी वाकडी होते. लेबलाला वरून प्लास्टिकचा थर असेल तर पाणी आत शिरत नाही, म्हणून तो थर आधी सोलून घ्यावा. मऊ झालेला कागद जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, कार्ड जवळजवळ आडवे धरून, एकाच दिशेने सरकवावा. ब्लेड आणि तारेची घासणी यांना हात लावू नये.

एक विनंती आहे. लायब्ररीचा क्रमांक आणि शिक्का असलेल्या लेबलांचे काढण्याआधी छायाचित्र घेऊन ठेवावे. त्या गावात कोणती गाणी लोक घरी नेऊन ऐकत होते, याची नोंद त्या कागदांखेरीज बहुधा दुसरीकडे कोठेही उरलेली नसते.

प्रतिसाद ३ : माजघर

आमच्याकडे बरण्यांवरचा चिकटा नेहमी खोबरेल तेलानेच जातो. बोटाने तेल चोळून थोडा वेळ ठेवले की गोंद फुगतो, त्याची पकड सुटते आणि मऊ फडक्याने तो गोळा होऊन येतो. त्यात खायचा सोडाही मिसळतात, परंतु पारदर्शक डबीवर त्याने बारीक ओरखडे पडतील, म्हणून तो काचेच्या बरण्यांपुरताच ठेवावा. चिकटा ताजा असेल तर त्यावर नव्या सेलोटेपचा तुकडा दाबून झटकन उचलल्यास तो टेपबरोबर निघून येतो.

प्रतिसाद ४ : रसायनप्रेमी

ताईंनी सांगितलेला तेलाचा उपाय योग्य आहे, फक्त पॉलिस्टायरिनवर तेल फार वेळ राहू देऊ नये. जेथे प्लास्टिकवर आधीच ताण असतो, म्हणजे बिजागरीचे खुंट आणि कोपरे येथे, तेथे तेल मुरून राहिले तर केसासारख्या भेगा पडतात. सपाट भागावर थेंबभर तेल लावावे, दहा मिनिटांच्या आत पुसावे आणि लगेच साबणाने धुवावे.

तेलाने न गेलेल्या भागासाठी माझी पहिली पसंती आयसोप्रोपिल अल्कोहोलला आहे. औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात ते मिळते. चष्म्याच्या कापडावर थोडेसे घेऊन हलक्या हाताने पुसावे, डबी त्यात बुडवू नये. बॉलपेनची आणि मार्करची शाईही त्याने निघते, आणि नेमक्या याच कारणासाठी ते छापील कव्हरजवळ किंवा कॅसेटवरच्या छपाईजवळ नेऊ नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास गॅस किंवा देवापुढचा दिवा पेटलेला नसावा. आपल्याकडे ॲक्रिलिकच्या पेट्या असतील, तर त्यांच्यावर मात्र अल्कोहोल वापरू नये, कारण त्यांना त्यानेच भेगा पडतात. तेथे साबण आणि पाण्यावरच भागवावे.

सेलोटेप फार जुनी झाली की तिचा गोंद कडक आणि पिवळा होतो आणि त्यात तेल शिरत नाही. अशा जागी केस वाळवण्याचे यंत्र सर्वांत मंद उष्णतेवर, हातभर अंतरावरून आणि सतत हलवत वापरावे. पॉलिस्टायरिन साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पातळ झाकण त्याच्या बरेच आधी वाकते, म्हणून डबीला बोट लावून पाहत राहावे आणि चटका बसण्यापूर्वीच थांबावे.

प्रतिसाद ५ : फीतवाला

एक सोपा मार्ग कोणी सांगितला नाही. कॅसेट १९६३ साली आली तेव्हापासून तिचा आकार बदललेला नाही, त्यामुळे एका कॅसेटची साधी डबी दुसरीला बसते. ज्या डब्या तडकलेल्या किंवा पांढुरक्या पडलेल्या आहेत, त्यांच्यावर मेहनत घेण्याऐवजी जुन्या बाजारातून कोऱ्या कॅसेटच्या स्वच्छ डब्या आणून मूळ कव्हर त्यांत घालावे. ज्या डबीवर कंपनीचे नाव उठावाने कोरलेले असेल, ती मात्र जपावी आणि वेळ घेऊन स्वच्छ करावी.

प्रश्नकर्ता : सांगलीकर

सर्वांचे मनापासून आभार. पाण्याचे बोट फिरवून पाहिले. क्रमांकाच्या कागदाखालचा थर लगेच बुळबुळीत झाला, मात्र टेपचा पट्टा तसाच राहिला. आता आधी सर्व लेबलांची छायाचित्रे काढून घेतो, मग कोमट पाणी, तेल आणि शेवटी अल्कोहोल या क्रमाने एका तडकलेल्या डबीवर करून पाहतो. थिनर आणि रिमूव्हर कपाटात परत ठेवले आहेत.