वाटी आधी की बोट आधी?
प्लँचेटला, म्हणजे कॅरमवर उपड्या वाटीवर बोटं ठेवून आत्म्याला बोलवायला, बसलेले चौघंही शपथेवर सांगतात की वाटी आम्ही ढकलली नाही, ती आपणहून सरकली. ते खोटं बोलत नसतात. बोटांचा रेटा इतका बारीक असतो की देणाऱ्यालाच जाणवत नाही, आणि कॅरमवर बोरिक पावडर असली की तेवढा पुरतो. (मुंबईच्या पावसाळ्यात पावडर ओलावते, मग 'आज आत्मा येत नाही'!)

पण वाद घालण्यापेक्षा शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८५३ मध्ये फिरत्या टेबलांसाठी (तेव्हा लोक टेबलावर हात ठेवून बसत आणि ते आत्म्याने फिरतं म्हणत) वापरलेली युक्ती करून बघा. उपड्या वाटीवर तीन इंची पुठ्ठ्याचे दोन तुकडे, मध्ये वाटाण्याएवढ्या सैल कणकेच्या तीन गोळ्या. खालचा पुठ्ठा वाटीला टेपने चिकटवा, दोन्हींच्या कडेवरून एकच पेन्सिलची रेघ ओढा, बोटं वरच्या पुठ्ठ्यावर ठेवा. वाटी आपणहून सरकली तर वरचा पुठ्ठा मागे राहील, बोटांनी ढकलली तर पुढे जाईल. फॅरेडेला वरचे थरच पुढे गेलेले दिसले. कणीक घट्ट झाली तर दोन्ही एकत्र सरकतात आणि काहीच कळत नाही. रेघ मात्र खेळ संपल्यावरच बघायची. फॅरेडेने हातांचा रेटा दाखवणारा काटा समोर ठेवला तेव्हा बसणाऱ्यांचं टेबल हललंच नाही.