मदत हवी आहे: घड्याळ मागे गेल्यापासून सासूबाई चार वाजताच मिटून जातात

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला राहतो. नवरा तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो, दोन आठवडे समुद्रात आणि तीन आठवडे घरी. मी ऑफिसात, मुलगी सात वर्षांची. ऑगस्टच्या शेवटी सासूबाई सांगलीहून आल्या. वय ६९, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. मी त्यांना आईच म्हणते. आल्या तेव्हा रात्री आठपर्यंत उजेड असायचा, जेवणं लवकर उरकून नातीला घेऊन त्या पार्कात जायच्या. दिवाळीत इथल्या ओव्हनशी भांडून त्यांनी नानकटाई केली आणि अख्ख्या गल्लीत वाटली.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज झाली आणि २६ ला, रविवारी, इथलं घड्याळ हिवाळ्यासाठी तासभर मागे गेलं. शनिवारी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळला होता, रविवारी चार चाळीसला. आता नोव्हेंबरच्या मध्याला चारच्या आतच.

उजेड गेला की आई देवापाशी निरांजन लावतात, शुभंकरोति म्हणतात. सांगलीतही हेच. पण तिथे हिवाळ्यातसुद्धा सहा वाजून जातात, इथे पावणेचार. आणि दिवेलागण झाली म्हणजे त्यांच्या हिशेबी दिवस संपला. मग केर काढायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, सुईदोरा नाही, नखं तर नाहीच. परवा मी व्हॅक्यूम काढला तर शांतपणे येऊन प्लग काढून गेल्या. व्हॅक्यूमला केरसुणी धरायचं की नाही, यावर कुणाचा अभ्यास असेल तर तेही सांगा.

हसण्यावारी नेलं असतं, पण गेल्या मंगळवारी मुलीला शाळेनंतरच्या क्लबमधून घेऊन मी साडेपाचला घरी आले तर हॉलमध्ये मिट्ट काळोख. निरांजन विझलेलं. आई सोफ्याच्या अगदी कडेला, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तशा. "बरं नाही का?" विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, बसले होते."

तिन्हीसांजेला झोपू नये म्हणून डोळे ताणून बसतात, साडेसातला ताटात चिवडल्यासारखं करतात, आठला झोपतात आणि रात्री दोनला स्वयंपाकघरात भांडी वाजतात. इथले दोन म्हणजे सांगलीत साडेसात. पण येऊन तीन महिने होत आले, जेट लॅग इतके दिवस राहतो का?

नवरा फोनवर म्हणतो, "सवय होईल." परतीचं तिकीट ३१ जानेवारीचं आहे. अलीकडे ओढून घेऊ का? का यावर काही उपाय असतो? आणि तुमच्या घरी कुणाला असं झालं होतं का?

मेथीकूट

लीड्सला माझा हा अकरावा हिवाळा. सवय होते म्हणतात ते खोटं आहे, आपण फक्त बोलायचं सोडतो. पहिल्या वर्षी ऑफिसातून बाहेर पडल्यावर अंधार बघून मला रोज वाटायचं की आज आपल्याला उशीर झाला, घरी ओरडा बसणार. वय तेव्हा ३४.

आईंना सांभाळा. तिकीट लगेच बदलू नका, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर लुटतात.

पांघरूण

माझं मत इथे कुणालाच आवडणार नाही, पण मला हा अंधार आवडतो. चार वाजता पडदे ओढायचे, पिठलं टाकायचं, कुणी "चला फिरायला" म्हणत नाही. उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत उजेड असतो तेव्हाच माझी चिडचिड होते. अर्थात मी घरून काम करतो आणि बायको-पोरं आसपास असतात. एकट्याने बसायचं असतं तर हे लिहिलं नसतं.

तबकडी

थोडं अवांतर, पण गैरसमज दूर व्हावा म्हणून. घड्याळ बदलल्याने अंधार पडत नाही. हिवाळ्यातली वेळ ही मूळची ग्रीनिच वेळ. खोटी वेळ असते ती उन्हाळ्यातली. विल्यम विलेट नावाच्या बिल्डरने १९०७ साली पत्रक काढून ही कल्पना मांडली, लोक सकाळचा उजेड झोपेत वाया घालवतात म्हणून. तो १९१५ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवायला आधी जर्मनीने आणि मग ब्रिटनने घड्याळं पुढे केली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही १९४२ ते १९४५ घड्याळं तासभर पुढे होती.

१९६८ ते १९७१ ब्रिटनने हिवाळ्यातही उन्हाळी वेळ ठेवून पाहिली. तसं आज केलं तर ॲबर्डीनला डिसेंबरात सूर्य पावणेदहाला उगवेल. संध्याकाळी तासभर मिळेल, पण पोरं शाळेत काळोखात जातील. दिवसच पावणेसात तासांचा, पांघरूण कुठूनही ओढा, पाय किंवा डोकं उघडं राहणारच.

मेथीकूट

@तबकडी, बाई सासूबाईंबद्दल विचारतायत, विलेटबद्दल नाही.

गोळी_जेवणानंतर

डॉक्टर आहे, पण इथून निदान करत नाही. दोन गोष्टी वेगळ्या करून बघा.

पहिली मनाची. हिवाळ्यात येणाऱ्या उदासीला १९८४ पासून वैद्यकीय नाव आहे, हे लाड नव्हेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, जेवण तुटलंय, रडू येतंय, "मी कशाला आहे" अशी भाषा आहे, असं असेल तर थांबू नका. जीपीकडे, म्हणजे तुमच्या तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन करून पाहुण्यांसाठी तात्पुरत्या नोंदणीचं विचारा.

दुसरी झोपेची, आणि मला हीच मोठी दिसतेय. आठला झोप आणि दोनला जाग हे सहा तास होतात. म्हणजे झोप मोडलेली नाही, फक्त लवकरच्या वेळेला सरकलीय. वय वाढतं तसं शरीराचं घड्याळ आपणहून लवकर पळायला लागतं, त्यात चारपासून अंधारात बसलं की शरीराला वाटतं रात्र झाली. आईंना संध्याकाळी भरपूर उजेड हवा. सहा ते आठ घरातले सगळे दिवे लावा, समोर बसून भाजी निवडायला द्या.

ते १०,००० लक्सचे, म्हणजे खूप प्रखर उजेडाचे, दिवे मिळतात, त्यांच्यासमोर सहसा सकाळी अर्धा तास बसतात, ते उदासीसाठी. गुण सगळ्यांना येतोच असं नाही. आईंची झोप आधीच लवकर आहे, त्यामुळे पहाटे तो दिवा लावला तर ती आणखी लवकर सरकेल. डोळ्यांचा काही त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. त्यापेक्षा दुपारी बाराला बाहेर काढा. ढगाळ असलं तरी बाहेर खोलीच्या कितीतरी पट उजेड असतो.

ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट. इथे हिवाळ्यात सगळ्यांनाच घ्यायला सांगतात, आपल्या कातडीला तर जास्तच गरज. आणि एक विचारा: बीपीची गोळी त्या इथल्या वेळेने घेतायत की सांगलीच्या?

नाशिकची_आजी

अगं मुली, मी आईपक्षातली. मुलाकडे नॉर्वेत, स्टाव्हँगरला, एक अख्खा हिवाळा काढून आलेय, म्हणून लिहिते.

सगळ्यांनी उपाय सांगितले, पण त्या दिवे का लावत नाहीत हे कुणी विचारलं का त्यांना? निरांजन लावणारी बाई बटण दाबायला विसरत नाही. आणि घरात कोट कशाला? तुझ्या घरात हीटर नाही का?

दुसरं. चार ते सात ही आमची बाहेर पडायची वेळ असते गं. भाजी आणायची, देवळात जायचं, कट्ट्यावर दोन बायका भेटायच्या. नेमकी तीच वेळ तिथे काळी होऊन बसते. सकाळी आम्हाला करमत नाही असं नसतंच, सकाळी कामं असतात.

मी तिथे काय केलं सांगते. उजेड गेला की निरांजन, ते देवाचं. पण शुभंकरोति सातला, मुलगा-सून आल्यावर, ते घराचं. मधल्या वेळेला मी संध्याकाळ म्हणतच नव्हते, काळी दुपार म्हणायचे. काळ्या दुपारी केर काढला तरी लक्ष्मी कुठे जात नाही. बाहेर एवढी थंडी, ती कुठे जाणार?

कृष्णाकाठ

आजी, तुमच्या पाया पडते. काल रात्री विचारलं. आधी "कुठे काय" झालं, मग हळूहळू निघालं.

आमच्या स्वयंपाकघरात विजेच्या मीटरचा छोटा स्क्रीन आहे, आज किती पाऊंडाची वीज-गॅस जळला ते दाखवणारा. नवऱ्याने समुद्रावर जाण्याआधी कौतुकाने त्यांना तो समजावला होता. तेव्हापासून आई दर तासाला तो बघतात आणि रुपयांत करतात. "सकाळपासून अडीच पाऊंड. म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये गं, एका दिवसाचे." म्हणून आम्ही बाहेर पडलो की हीटर बंद, दिवे बंद, अंगात कोट. मी येते त्याच्या पाच मिनिटं आधी हीटर लावायचा बेत असायचा. मंगळवारी मी बस मिळून लवकर आले, म्हणून पकडल्या गेल्या.

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी तुम्हाला उदासीचे उपाय विचारत होते आणि बाई माझं बिल वाचवत होत्या.

पण तेवढंच नाही. मिरजेला माझ्या मावससासूबाई आहेत. दोघी बहिणी रोज इथल्या चारला बोलायच्या, तिथे साडेआठ, मावशींचं जेवण झालेलं असायचं. घड्याळ मागे गेल्यावर आई भिंतीवरच्या घड्याळात चार बघूनच फोन लावत राहिल्या. तिथे साडेनऊ, मावशी झोपलेल्या. दोनतीन दिवस फोन उचलला नाही, तेव्हा आईंनी ठरवलं की भाऊबीजेच्या साडीवरून बहीण रुसली, आणि फोन करणंच सोडलं. मावशींना वाटलं ही परदेशात रमली. साडेचारचा फरक आता साडेपाच झालाय हे आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. नवरा नुसतं "तास मागे गेला" म्हणून निघून गेला.

गोळी सांगलीच्या वेळेनेच चालू आहे, तिथले सकाळचे आठ म्हणून. म्हणजे इथे पहाटे अडीचला. डॉक्टर, यावर ओरडा. जीपीकडे फोन केलाय, पुढच्या आठवड्यात वेळ मिळालीय.

गोळी_जेवणानंतर

ओरडत नाही. पण दोनला जाग येण्याचं एक कारण तुम्हीच सांगितलंत. गोळी आपल्या मनाने पुढेमागे करू नका, कशी सरकवायची ते भेटीत विचारा.

तबकडी

मघाच्या भाषणाबद्दल माफी. भरपाई म्हणून कामाचं सांगतो. फोन आता तीनला लावा, २९ मार्चला घड्याळ पुढे गेलं की पुन्हा चारला, पण तोवर त्या परतल्या असतील. आणि आईंना एक खूशखबर द्या: २१ डिसेंबरची वाट बघायला नको. सकाळ वर्षअखेरपर्यंत उशिराच होत जाते, पण सूर्यास्त डिसेंबरच्या मध्यापासूनच पुढे सरकायला लागतो. तुमच्याकडे साडेतीनच्या थोडा आधी मावळून मग वळेल. संक्रांतीपर्यंत चारला टेकेल. तिळातिळाने, शब्दशः.

अजून एक. भर दुपारी बाराला आईंना दक्षिणेकडे तोंड करून उभं करा आणि हात लांब करून क्षितिजावर मूठ धरायला सांगा. डिसेंबरात तुमचा सूर्य त्या मुठीच्या वर जातच नाही. सांगलीत त्याच दिवशी पाच मुठी वर असतो.

युनियन_स्ट्रीट

मीही ॲबर्डीनकर. आईंना डथी पार्कमधल्या काचेच्या बागेत न्या, डेव्हिड वेल्च विंटर गार्डन्स. आत ऊब असते, फुकट आहे, आणि हिरवं दिसतं. माझी आई तिथे बाकावर बसून स्वेटर विणायची. जाताना फुटपाथवरचा बर्फ सांभाळा, इथे पाय घसरला की महिनाभर घरात.

कृष्णाकाठ

शनिवारी जाऊन आलो. निवडुंगांच्या दालनात आई बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या बांधावर हाच उपटून टाकतात, इथे काचेत ठेवून पाणी घालतात." तिथूनच मावशींना व्हिडिओ कॉल लावून एकेक फड दाखवला. साडीचा विषय दोघींनी काढला नाही.

मीटरचा स्क्रीन मी कपाटात टाकलाय. त्यांनी विचारलं, मी बिघडला म्हणून सांगितलं. विश्वास बसलेला दिसत नाही. दिवे लावतात, पण ज्या खोलीत बसतात तेवढाच. झोप साडेनऊपर्यंत गेलीय, जाग मात्र अजून साडेतीनला येते. तेव्हा उठून पोळ्या करून ठेवतात, मी आता काही बोलत नाही. व्हॅक्यूमला सहाच्या आत परवानगी मिळाली आहे. आजींचा "काळी दुपार" शब्द मी घरी वापरला तर नात आता शाळेत सगळ्यांना तो मराठीतून शिकवतेय.

तिकीट ३१ जानेवारीचंच राहू दे म्हणाल्या. आठवड्यातून दोन दिवस मुलीला तीनला शाळेतून त्याच आणणार, क्लब तेवढा कमी केलाय. शाळा पाच मिनिटांवर आहे, पण शेवटचा उतार सावलीतला, तिथला बर्फ दिवसभर वितळत नाही. बुटांवर चढवायचे ते खिळ्यांचे रबर कुणी साठीपुढच्या माणसांसाठी घेतले आहेत का? आईंना वाकून घालता-काढता येतील असे कोणते? बुटांचा नंबर इथला चार.