मदत हवी आहे: क्रोशाची टोपी आत ओढली जातेय, रविवारच्या आत संपवायची आहे

चिऊचं_घर:
भाचा शिकायला जर्मनीला चाललाय, रविवारी विमान. त्याच्यासाठी चटईच्या विणीची उठावदार टोपी करतेय, वरून खाली. वरचं गोल ताट मस्त सपाट झालं, पण वीण सुरू केल्यापासून घेर आत आत चाललाय. व्हिडिओतल्या बाईंची तर छान होते. काय करू? उसवायला सांगू नका, प्लीज.

सुईदोरा:
लोकर कोणती? क्रोशा किती नंबरचा? फेरीत खांब, म्हणजे उभे टाके, किती? भाच्याचं डोकं केवढं? फोटोही नाही, एवढ्यावर काय सांगणार.

चिऊचं_घर:
लोकर नेहमीचीच आहे. क्रोशाही नेहमीचाच.

सुईदोरा:
😐

सातासमुद्रापार:
हा टाक्यांच्या नावांचा अमेरिकन-ब्रिटिश घोळ आहे, लिहून ठेवा. अमेरिकन सिंगल म्हणजे ब्रिटिश डबल, म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, तो आपला खांब. नव्वद टक्के टोप्या इथेच बिघडतात.

चिऊचं_घर:
अहो, व्हिडिओ बघून करतेय. बाई काय करतात ते डोळ्यांना दिसतं की!

रेवाआजी:
वरून खाली करूच नये मुळी. आधी पट्टी करायची. मुके खांब फक्त मागच्या दोऱ्यात घालायचे, आडवी पट्टी डोक्याभोवती बसेल एवढी झाली की टोकं जोडायची आणि तिच्या कडेवरून खांब उचलून वर जायचं. डोक्याचं माप पहिल्याच दिवशी पक्कं होतं. माझ्या सगळ्या नातवंडांच्या टोप्या अशाच झाल्यात.

सुईदोरा:
आजी, वरून केली की मध्येच डोक्यावर घालून बघता येते, तेही सोयीचंच आहे. आणि त्यांचं ताट झालंय आता.

रेवाआजी:
बघता येते, पण बघतं कोण?

मधुमालती:
ओली करून टाचण्यांनी ताणून वाळवा, नाहीतर वाफेची इस्त्री फिरवा. सैल होते.

सुईदोरा:
इस्त्री अजिबात नको! आपल्याकडची बरीच लोकर ॲक्रिलिक असते. गरम वाफ लागली की ती कायमची लुळी पडते, उठाव सपाट होतो. मग चटई कुठली नि काय कुठली.

मधुमालती:
मी शुद्ध लोकरीबद्दल बोलत होते.

टोपीवाला_नाही:
एवढा खटाटोप कशाला? स्वारगेटला रस्त्यावर ढीगभर कानटोप्या मिळतात.

चिऊचं_घर:
विकतचीच द्यायची असती तर इथे कशाला आले असते? बरं, मोजलं सगळं. क्रोशा 4.5, लोकर ॲक्रिलिक, 72 खांब. ताट 16.5 सेंमी. विणीचा भाग भोवताली 45. भाच्याला फोन केला, डोकं 57. वीण तीन पुढून, तीन मागून.

सुईदोरा:
आत्ता कसं! ताटाचा घेर जवळपास 52 येतो. म्हणजे ताट बरोबर होतं, विणीनं 7 सेंमी खाल्ले. या विणीत सुई खांबाच्या डोक्यात न घालता त्याच्या अंगाभोवती फिरवतो, टाके एकमेकांना चिकटतात, रुंदी जाते. लोकरही जास्त लागते, गुंडे मोजून ठेवा. तुमच्या विणीत 10 सेंमीत 16 खांब बसतायत. टोपी डोक्यापेक्षा चार-पाच सेंमी लहान हवी, म्हणजे 52 धरा. त्याला 84 खांब लागतील. फक्त वीण उसवा, ताट राहू दे. ताटाला एकच वाढीची फेरी घाला, दर सहाव्या खांबात दोन. 84 ला सहानं भाग जातो, चौकडी बरोबर जुळेल.

चिऊचं_घर:
उसवायला सांगू नका म्हटलं होतं 😭 आणि ताट 19 सेंमीचं होईल, पिशवीसारखं लोंबणार नाही?

सुईदोरा:
नाही, वीण ते आत ओढून घेईल.

रेवाआजी:
न उसवता करायचं तर ही टोपी एखाद्या तीन-चार वर्षांच्या पोराला द्या नि भाच्याला दुसरी करा. पट्टीपासून.

बर्फातली_वाट:
मी टोरंटोत आहे. उणे 20 ला क्रोशाच्या भोकांतून वारा सरळ आत घुसतो, वीण कितीही जाड असो. आतून कानांवर येईल अशी फ्लीसची पट्टी शिवा. टोपीइतकीच ताणणारी हवी, नाहीतर डोक्यात जाणार नाही. शिवाय ॲक्रिलिक कपाळाला टोचतं, तेही थांबेल.

टोपीवाला_नाही:
जर्मनीत कुठे उणे 20 असतं? बहुतेक शहरांत हिवाळा शून्याच्या आसपासच असतो.

बर्फातली_वाट:
वारा शून्यालाही लागतो दादा.

सातासमुद्रापार:
तरी एकदा व्हिडिओच्या खाली अमेरिकन लिहिलंय का ते बघाच.

चिऊचं_घर:
उसवलं. 84 वर वीण चार फेऱ्या झाली, टेप लावला तर 52 ला किंचित जास्त. फ्लीस उद्या आणते. खालच्या पट्टीला 4 चा क्रोशा घेऊ की 4.5 च ठेवू?

सुईदोरा:
4. पट्टी थोडी घट्टच हवी.

रेवाआजी:
आणि पट्टी शेवटी का करायची, ते मला अजून कुणी सांगितलं नाही.