नुसता रिपोर्ट पुरत नाही
स्कॅनच्या रिपोर्टची फाइल जपली की झालं, जुन्या फिल्म आणि सीडी म्हणजे अडगळ, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आईच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात ८ मिमीची गाठ दिसली तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. रेडिऑलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला, "आधीचा स्कॅन आहे का?" सुदैवाने तीन वर्षांपूर्वीची सीडी कपाटात सापडली. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले: तीच गाठ, तिथेच, तेवढीच. जुन्या रिपोर्टमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नव्हता!

भरीव गाठ दोन वर्षं वाढली नाही तर ती बहुधा निरुपद्रवी धरतात. धूसर काचेसारख्या दिसणाऱ्या गाठींवर मात्र त्याहून जास्त काळ लक्ष ठेवावं लागतं. आणि व्यास ८ चा १० मिमी झाला तर ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाठीचं आकारमान तेवढ्यात जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. इतका बारीक फरक मूळ स्कॅन समोर असल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. सीडीतल्या डायकॉम फाइल (म्हणजे स्कॅनच्या मूळ प्रतिमांच्या फाइल) पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो या कामाला चालत नाही.