मदत हवी आहे: मिस्सामध्ये येणारे अश्रू

मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूंनी ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) उंचावलं की माझे डोळे भरून येतात. दुःख नसतं, पण घसा दाटतो, प्रतिसाद म्हणता येत नाहीत. शेजारचे काळजीने बघतात, ते अवघडलेपण वेगळंच!

संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४४-४५ च्या रोजनिशीत मिस्साच्या वेळच्या अश्रूंच्या नोंदी वारंवार येतात. सिएनाच्या संत कॅथरिन मात्र अश्रूंचे पाच प्रकार सांगतात आणि सगळेच पवित्र मानत नाहीत. माझी खरी अडचण इथेच आहे. हे कृपादान, म्हणजे देवाची देणगी, की नुसता हळवेपणा, हे ओळखायचं कसं? अश्रू आवरावेत की वाहू द्यावेत? आणि प्रार्थना कोरडी जाते तेव्हा काय समजायचं? आध्यात्मिक मार्गदर्शकाशी कुणी यावर बोललं असेल, तर त्यांनी काय सांगितलं ते कृपया लिहा.