लक्ष देताना मेंदूतला गोंगाट कमी होतो का?

प्रश्न: मिट्ट काळोखात डोळे उघडे ठेवले तरी मला निव्वळ काळं कधीच दिसत नाही, राखाडी कण सळसळत राहतात. लहानपणापासून हे बघतोय. चेतापेशी इतक्या अस्थिर असतील तर लक्ष एकाग्र होतं तरी कसं?

उत्तर १: कण काही अंशी डोळ्यातलेच. रोडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याचा एखादा रेणू उष्णतेनेच बदलतो, आणि दंडपेशीला, म्हणजे डोळ्यातल्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशीला, प्रकाश आल्यासारखं वाटतं. लक्षाबद्दल कोहेन आणि मॉन्सेल यांचं २००९ चं माकडांवरचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. लक्ष दिल्यावर व्ही-४ या मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या पेशींचे स्पंद (विद्युत इशारे) वाढतात, पण मोठा फायदा होतो तो पेशींमधला सामाईक गोंगाट, म्हणजे अनेक पेशींत एकदम होणारे निरर्थक चढउतार, घटल्यामुळे. प्रत्येकीची चूक वेगळी असेल तर ती सरासरीत विरते. सगळ्या एकदम डगमगल्या तर हजार पेशी मोजूनही हाती काही लागत नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे गोंगाट किती, यापेक्षा तो सामाईक किती हा प्रश्न! हे मला सुचलंच नव्हतं. मनापासून आभार.

उत्तर २: थोडा गोंगाट उपयोगीही असतो. पॅडलफिश मासा भक्ष्याचे विद्युतसंकेत टिपतो. १९९९ च्या प्रयोगात पाण्यात बेताचा विद्युत गोंगाट सोडल्यावर त्याला दूरचे प्लवक जास्त सापडले, फार वाढवल्यावर मात्र नाही.